मल्टिप्लेक्सचा कॉम्बो : "१४० रुपयांची बचत" नेमकी कुठे होते? (चर्चेचा धागा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तिकीटखिडकी

पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्सच्या काउंटरवरचा फलक जसाच्या तसा उतरवून देत आहे. नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसतं.

खारे पॉपकॉर्न : रेग्युलर २५०, मीडियम ३४०, लार्ज ३९०
कोला : रेग्युलर २००, मीडियम २७०, लार्ज ३१०
समोसा (२ नग) १६०, पाणी ५०० मिली ६०
कॉम्बो १ : मीडियम पॉपकॉर्न + मीडियम कोला ५४९, "बचत ६१"
कॉम्बो २ : लार्ज पॉपकॉर्न + २ मीडियम कोला ७९०, "बचत १४०"
फॅमिली कॉम्बो : ९९९ पासून

तळाशी मुंगीच्या अक्षरांत "कर वेगळे, चित्र प्रातिनिधिक". मात्रा फलकावर कुठेच नाही. पण टबांच्या बुडाशी ४६, ८५ आणि १३० औंस असे छापील आकडे आहेत आणि कपांवर १६, २२, ३२.

विचारायचं ते असं : दोघांसाठी यातलं खरोखर स्वस्त काय? "बचत" कशाच्या तुलनेत मोजतात? ५०० मिलीच्या बाटलीला ६० रुपये घेता येतात का? आणि "९९९ पासून" असं मोघम लिहिणं चालतं का? "घरून खाऊन जा" हा सल्ला माहीत आहे, तो सोडून सांगा.

तागडी

आधी औंसांचे लिटर करू. अमेरिकी द्रव औंस म्हणजे २९.५७ मिली. म्हणजे टब झाले १.३६, २.५१ आणि ३.८४ लिटरचे, कप ४७३, ६५१ आणि ९४६ मिलीचे.

पॉपकॉर्नचा लिटरमागे भाव : रेग्युलर १८४ रुपये, मीडियम १३५, लार्ज १०२. रेग्युलरवरून मीडियमला जाताना ९० रुपये मोजून सव्वा लिटरहूनही कमी वाढतं, मीडियमवरून लार्जला ५० रुपयांत सव्वा लिटरहून जास्त. मीडियम हा विकण्यासाठी ठेवलेलाच नाही. तो लार्ज स्वस्त वाटावा म्हणून फलकावर उभा केलेला आहे.

कोल्यात गंमत आणखी उघडी आहे. रेग्युलर मिलीला ४२ पैसे, मीडियम साधारण तेवढाच, लार्ज ३३ पैसे. म्हणजे मीडियम कोला घेऊन काहीच सुटत नाही, आणि दोन्ही कॉम्बोंत नेमका तोच घातला आहे.

आता कॉम्बो २ ची बचत. ३९० + २७० + २७० = ९३०, त्यातून ७९० वजा करून १४०. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. चुकतंय ते गृहीतक, की तुम्ही एरवी दोन मीडियम कोला घेतलेच असते. उलट बाजूने मोजा. लार्ज पॉपकॉर्नचे ३९० वगळले की ४०० उरतात, म्हणजे कोला दोनशेला एक. आणि रेग्युलर कोला सुटा कितीला आहे? दोनशेलाच. थोडक्यात, लार्ज पॉपकॉर्न आणि दोन रेग्युलर कोला सुटे घेतले तरी बिल ७९०च होतं. कॉम्बोने खिशातला एक रुपयाही वाचवला नाही, फक्त कप १६ चा २२ केला. त्या वाढीव सहा औंसांत बर्फ किती, हा पुढचा प्रश्न.

बर्फाचं सांगतो. कप काठोकाठ बर्फाने भरून मग कोला ओतला तर पेय निम्म्याच्या आसपास मावतं. नळाचा कोला मशीनमधूनच गार होऊन येतो, त्याला बर्फाची फारशी गरज नसते. "बर्फ नको" किंवा "दोनच तुकडे" हे पैसे देतानाच सांगा. कप भरून समोर आल्यावर कुणी तो रिकामा करत नाही.

दोघांसाठी, ५ टक्के कर धरून :

कॉम्बो २ : ७९० + ३९.५० = ८२९.५०
लार्ज पॉपकॉर्न आणि एकच लार्ज कोला, दोन स्ट्रॉ : ७०० + ३५ = ७३५
लार्ज पॉपकॉर्न आणि थिएटरचं फुकट पाणी : ३९० + १९.५० = ४०९.५०

कॉम्बो १ तर घेऊच नका. त्यात कोला २०९ ला पडतो. करासकट ५७६ रुपये मोजून एकट्याने मीडियम टब संपवण्यापेक्षा ४०९ चा लार्ज दोघांत वाटलेला बरा.

एक पळवाट मात्र लक्षात ठेवा. कॉम्बोतले पॉपकॉर्न खारेच असतात. चीज किंवा कॅरमल मागितलं की फरकाचे पैसे लागतात, आणि "अर्धे खारे अर्धे चीज" सांगितलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण टबाला चीजचा भाव लागतो. मशीनवर टाकण्यापूर्वी एकूण रक्कम विचारायची ती इथे.

लाह्याभट्टी

तागडीरावांचा हिशोब बरोबर, पण टबाच्या बुडाशी छापलेला आकडा ही टबाची क्षमता. आत किती पडतं ते भरणाऱ्याच्या हातावर असतं.

पॉपकॉर्नचा चांगला मका फुटल्यावर साधारण चाळीसपट होतो : १ ग्रॅम दाण्यापासून ४० मिली लाही. काउंटरवर बऱ्याचदा ८ औंसांची (इथे औंस वजनाचा) किटली असते. एका घाण्यात २२७ ग्रॅम मका आणि त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ७५ ग्रॅम तेल. तीनेक मिनिटांत ९ लिटरच्या आसपास माल निघतो. म्हणजे दोन लार्ज टब आणि वर थोडं. एका लार्ज टबात कच्चा मका ९५ ग्रॅमच्या आसपास, आणि तेल-मीठ धरून तयार वजन ११० ग्रॅमच्या घरात. रेग्युलरमध्ये जेमतेम ४०.

कच्च्या मालाचं म्हणाल तर मका, तेल, लोण्याच्या वासाचं बारीक मीठ आणि खुद्द टब, सगळं मिळून पस्तीस रुपयांच्या आत येतं. त्यात टबाचाच वाटा मोठा असतो. (आणि म्हणूनच रिकामा टब मागितला तर नाक मुरडतात.)

माल कुठे बिघडतो ते महत्त्वाचं. दाण्यात १४ टक्क्यांच्या जवळपास ओल हवी. पोतं उघडं राहून दाणा वाळला की फुलत नाही, गणंग (न फुटलेले दाणे) वाढतात. किटली पुरती तापायच्या आत मका टाकला तरी तेच. दुसरा बिघाड म्हणजे काचेच्या कपाटातला सकाळचा माल. दिव्याच्या उबेने तो गरम लागतो पण ताजा नसतो. चावताना करकरीत आवाज येण्याऐवजी थर्माकोलसारखा दबतो. मध्यंतराच्या गर्दीसाठी आधीच काढून ठेवलेला ढीग असतो, त्यामुळे ताजा घाणा हवा असेल तर खेळ सुरू होण्याआधी पाचेक मिनिटं घ्या. टब तुमच्यासमोर तळापासून भरायला सांगा. कपाटाच्या बुडाला जाळी असते, गणंग तिथून खाली पडतात. फावडं थेट बुडाला घासून भरलं की तेच टबात येतात.

मध्यंतर

पस्तीसचे ३९० का होतात, त्याचं उत्तर तिकिटात आहे. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांचा संप मिटला तेव्हा हिंदी चित्रपटांच्या वाटणीचं सूत्र ठरलं : करवजा गल्ल्यातून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे ज्या आठवड्यात गर्दी, त्याच आठवड्यात तिकिटातला निम्मा पैसा बाहेर. खाण्याच्या काउंटरवर मात्र वितरक भागीदार नाही.

देशातल्या सर्वांत मोठ्या साखळीचे २०२३-२४ चे आकडे पाहा : सरासरी तिकीट २५९ रुपये, माणशी खाणंपिणं १३२ रुपये. फलकावर १५०च्या खाली पाण्याशिवाय काही नसताना सरासरी १३२ येते, याचा अर्थ बरेच जण काहीच घेत नाहीत. भाव त्या न घेणाऱ्यांसाठी लावलेला नाही. जो घेणारच आहे, मूल हट्टाला पेटलंय, पहिलीच भेट आहे, अशांसाठी लावलेला आहे. म्हणून "लोकांनी घेणं बंद केलं की भाव उतरतील" हे मला फारसं पटत नाही. बऱ्याच जणांनी कधीच बंद केलंय.

भाव उतरतो तो बोभाटा झाल्यावर. जुलै २०२३ मध्ये नोएडातलं ८२० रुपयांचं बिल समाजमाध्यमांवर फिरलं : ५५ ग्रॅम चीज पॉपकॉर्न ४६०, ६०० मिली पेप्सी ३६०. काही दिवसांतच त्या साखळीने सोमवार ते गुरुवार सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळात ९९ रुपयांपासूनचे पदार्थ आणले. आठवड्यातल्या दिवसाच्या अशा योजना अधूनमधून येत असतात, पण फलकावर त्या कोपऱ्यात असतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

कलम_अठरा

कायद्याचं एकेक घेतो, कारण यात गैरसमज फार आहेत.

पॉपकॉर्न ३९० ला विकणं बेकायदा नाही. सुट्या, तिथेच बनवलेल्या पदार्थाला एमआरपी नसते. उपाहारगृहाने बांधून दिलेले पदार्थ आवेष्टित वस्तूंच्या नियमांतून वगळलेले आहेत. "फार महाग आहे" एवढ्यावर ग्राहक आयोगात काही हाती लागणार नाही.

बाहेरचं खाणं. जुलै २०१८ मध्ये नागपूर अधिवेशनात राज्यमंत्र्यांनी १ ऑगस्टपासून बाहेरचे पदार्थ नेता येतील असं सांगितलं होतं, लोक आजही त्याचा दाखला देतात. पुढच्याच महिन्यात सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सुरक्षेचं कारण पुढे करून ते मागे घेतलं. आणि ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट केलं की बाहेरचे पदार्थ आणू न देण्याची अट घालण्याचा थिएटर मालकाला अधिकार आहे. मात्र त्याच निकालात थिएटरवाल्यांच्या वकिलांचं म्हणणं नोंदलेलं आहे : पिण्याचं स्वच्छ पाणी सगळ्या प्रेक्षकांना मोफत मिळतं, आणि लहान बाळासाठी पुरेसं खाणं आई-वडिलांनी आणलं तर हरकत घेतली जात नाही. दारावर बाळाची पेज किंवा दूध अडवलं तर हा निकाल दाखवा. पाण्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २०१५ चा निर्णयही आहे : पाणी आत नेऊ देत नसाल तर आत पिण्यायोग्य पाण्याची मोफत सोय हवी. "कूलर बंद आहे, बाटली घ्या" हे उत्तर चालत नाही. ग्लास नसले तर काउंटरवर मागा.

६० ची बाटली. आधी बाटलीवरची एमआरपी वाचा. छापील २० आणि बिलात ६० असेल तर वजनमापे खात्याकडे, म्हणजे वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार होते. थिएटरवाले एमआरपीहून जास्त घ्यायला मुभा देणारा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतील. तो हॉटेल आणि रेस्टॉरंटबद्दल आहे, जिथे बसवून वाढण्याची सेवा असते. काउंटरवरून हातात बाटली देण्याला तो लागू होतो का, यावर वाद घालायला जागा आहे. छापीलच ६० असेल आणि हुबेहूब तीच बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात २० ला मिळत असेल, तर प्रश्न दुहेरी एमआरपीचा. १ जानेवारी २०१८ पासून आवेष्टित वस्तूंच्या नियम १८ मध्ये पोटनियम २अ आहे : एकाच वस्तूवर अनुचित व्यापारी प्रथेने वेगवेगळी एमआरपी छापता येत नाही. हा बोजा उत्पादकावर आहे. दोन्ही बाटल्यांचे फोटो लागतील. ब्रँड, मिली आणि छापील किंमत एकाच फोटोत दिसली पाहिजे. नुसत्या झाकणाचा फोटो जोडून पाठवलेल्या तक्रारी तिथेच बारगळतात. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे छापील किमतीवर पुन्हा ५ टक्के लावले असतील तर तेवढंही पुरेसं आहे.

मात्रा. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यविक्रेत्याने २०२२ पासून मेन्यूवर पदार्थाचे उष्मांक आणि वाढपाची मात्रा दाखवायची आहे, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम. साखळी मल्टिप्लेक्स त्यात येतात. वर दिलेल्या फलकावर मात्रा नसेल तर तक्रारीचा सर्वांत सोपा मुद्दा तोच. तेलंगणच्या वैधमापन खात्याने २०१८ मध्ये टब आणि कपांवरच किंमत आणि माप लिहायला लावलं होतं. तसं आपल्याकडे झालं तर निम्मा धागा मिटेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात "पाण्याची बाटली शंभर, कॉफी सातशे" असा उल्लेख झाला, तो फिरवू नका. तो तोंडी शेरा होता, आदेश नव्हे.

तागडी

उष्मांकांवरून एक पडताळा करता येतो, हे लिहायचं राहिलं होतं. एकाच प्रकारच्या पॉपकॉर्नचे उष्मांक वजनाच्या प्रमाणात वाढतात. ४६, ८५, १३० औंसांचं प्रमाण १ : १.८५ : २.८३. रेग्युलरला २०० असतील तर मीडियमला ३७० आणि लार्जला ५६५ च्या आसपास यायला हवेत. लार्जला ४५० च लिहिले असतील तर त्यांच्याच मापाप्रमाणे लार्ज टब पूर्ण भरत नाहीत, आणि माझा "लिटरला १०२" हा भाव चुकीचा ठरतो. तो १२५ च्या पुढे जातो.

तिकीटखिडकी

सगळ्यांचे आभार. "९९९ पासून" राहिलं. शिवाय अॅपवर तिकिटासोबत "तिकीट + पॉपकॉर्न" असा एकच आकडा दाखवतात, त्यात कर कसा लागतो?

कलम_अठरा

"पासून" लिहिणं बेकायदा नाही, पण ९९९ ला मिळणारा किमान एक प्रकार खरोखर हवा. "तो संपला, १२९९ चा आहे" असं उत्तर आलं तर फलकाचा फोटो घ्या. हे आमिष दाखवून माल बदलणं झालं. काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच : "९९९ मध्ये कुठल्या मापाचे काय काय, आणि करासकट किती?" छापील उत्तर नसेल तर मशीनवर टाकायला लावून पडद्यावरची बेरीज वाचा, मग हो म्हणा.

कराचं. थिएटरात खाणंपिणं ही रेस्टॉरंट सेवा धरली जाते, ५ टक्के. जुलै २०२३ च्या जीएसटी परिषदेनंतर परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं. पण त्याच परिपत्रकात आहे की तिकीट आणि खाणं एकत्र बांधून संयुक्त पुरवठा म्हणून विकलं तर सगळ्यावर तिकिटाचा दर लागतो. शंभराच्या वरच्या तिकिटाला तो १८ टक्के. करापूर्वी तिकीट ३०० आणि खाणं ३०० धरा : वेगवेगळं घेतलं तर कर ५४ + १५ = ६९, एकत्र घेतलं तर १०८. एकोणचाळीस रुपयांचा फरक. दाखवलेली किंमत करासकट असेल तर हा फरक थिएटरचा, कर वर लावत असतील तर तुमचा. पैसे भरायच्या पानावर दोन ओळी वेगळ्या दिसतात का ते पाहा.

त्याच पानावर खाली जाऊन देणगीचा एखादा रुपया किंवा एखादा कॉम्बो आपोआप जोडला गेलाय का तेही बघा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी संमतीशिवाय टोपलीत काही घालणं अनुचित प्रथा ठरवलं आहे, देणगीही त्यात येते. आसनावर आणून देण्याचा सेवाआकार न विचारता लावला तर तोही काढायला सांगता येतो.

तक्रारीचा क्रम : बिल (जीएसटी क्रमांक दिसणारं, कधी काउंटर थिएटरचं नसून ठेकेदाराचं असतं, आणि चुकीच्या पार्टीवर तक्रार गेली की महिने वाया जातात), फलकाचा फोटो, व्यवस्थापकाला ईमेल. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे न मिटलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होऊ शकतं, त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

लाह्याभट्टी

रिफिल असलेला टब घेणार असाल तर दोन गोष्टी. रिफिल बहुधा खाऱ्याचीच, त्याच टबात, त्याच खेळापुरती आणि बिल दाखवून. आणि मध्यंतरात रांगेत उभं राहिलात तर दहा-पंधरा मिनिटं तिथेच जातात. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी किंवा चित्रपट पुन्हा सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी जा. एकदाही भरून आणणार नसाल तर साधा लार्जच बरा.

दोघांत एक टब घेणाऱ्यांनी जास्तीचा रिकामा टब मागण्याऐवजी कागदी ट्रे मागावा. समोशाचा ट्रे देतात, त्याला नाही म्हणत नाहीत.